मुद्रितशोधक बू निंग आणि ओढ्यातला धोंडा

इंडोनेशियातल्या सालातिगा शहरात शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात बू निंगनं एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. त्यामुळे जगातली कुठलीही पाटी तिला धड वाचता येत नसे. आधी चूक दिसायची, मग दुकान. नवरा, पाक वागियो (तिकडे बाईंना बू म्हणतात, पुरुषांना पाक), म्हणायचा, "माझं लग्नाच्या मागणीचं पत्रही हिनं चार ठिकाणी खुणा करून परत पाठवलं होतं." ती म्हणायची, "पाच."

वागियो गेला, त्याच वर्षी छापखानाही बंद पडला. तपासायला काही उरलं नाही आणि जगायचं कशाला, हेही तिला कळेना. एका सकाळी तिनं फोनवर हाच प्रश्न लिहिला, अगदी पूर्णविरामासकट. शोधता शोधता ती एका मंचावर पोचली. तिथे मरावंसं वाटणारी माणसं लिहीत होती आणि दुसरी तशीच माणसं उत्तरं देत होती. तिला आलेलं पहिलं उत्तर होतं, "बू, सकाळपासून काही खाल्लंत का?" तिनं खाल्लं नव्हतं. मंच सांभाळणाऱ्या सुराबाया शहरातल्या नर्सबाई, म्बाक म्हणजे ताई एंडाह, यांनी तिला दवाखान्यात जायला लावलं. ती गेली, बरीच सावरली आणि मग उत्तरं देणाऱ्यांत सामील झाली.

खोड मात्र गेली नाही. मंचावरच्या पोरांचं लिहिणं म्हणजे अर्धे स्वर गिळलेले शब्द, आणि स्वल्पविरामाशी जन्माचं वैर. बू निंग प्रत्येक मजकूर आधी स्वतःपुरता शुद्ध करून घ्यायची. म्हणायची, "त्याशिवाय दुःख नीट कळत नाही."

एका दुपारी ती तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होती. 'ओढ्यातला धोंडा' या नावानं कुणीतरी लिहिलं होतं, चुका काढून वाचलं तर असं: सगळे म्हणतात थांब, बरं वाटेल. कधी? माहीत नसेल तर उत्तर देऊ नका. तिनं सवयीनं मजकूर दुरुस्त केला, सात चुका काढल्या आणि तेलकट अंगठ्यानं उत्तराऐवजी चुकून तोच, खुणांसकट, पाठवून दिला.

एंडाहचा लगेच खासगी निरोप आला. "बू! हे काय केलंत?"

धोंडा तर उसळलाच. "मी मरायच्या गोष्टी करतोय आणि तुम्ही स्वल्पविराम मोजताय?"

बू निंगनं लिहिलं, "चुकले रे. म्हातारीची खोड आहे, माफ कर. आता सरळ विचारते. आज जीव द्यायचा विचार आहे का तुझा?"

कढईतून धूर निघाला तरी ती उठली नाही.

"हो."

"घरात कोण आहे?"

"ताई. मागे कपडे वाळत घालतेय."

"तिला हाक मार. मी इथेच बसलेय."

"तिला काय सांगू?"

"मला लिहिलंस तेच. फोनवरून वाचून दाखव."

"चुकांसकट?"

"चुकांसकट, बाबा. एकही दुरुस्त करू नकोस."

थोड्या वेळानं त्याच नावानं दुसऱ्याच कुणाचे तरी शब्द आले. "मी त्याची बहीण. आता काय करू?" एंडाहनं पुढचं हाती घेतलं. त्याला एकटं सोडू नका, आत्ता इस्पितळात घेऊन जा, तिथे हे असं असं सांगा. बहिणीनं "निघालो" एवढंच लिहिलं. बू निंगनं शेगडी बंद केली आणि कोळसा झालेल्या तेंपेसमोर बसून मनसोक्त रडली.

पुढचे नऊ दिवस तिनं एंडाहला भंडावून सोडलं. "काही कळलं का?" दिवसातून तीनदा. शेवटी एंडाह म्हणाली, "बू, आता तुमच्यासाठीच एक नर्स नेमावी लागेल मला."

दहाव्या दिवशी धोंडा उगवला. इस्पितळातला भात दगडासारखा आहे, गोळ्यांनी झोप फार येते, शेजारचा घोरतो, अशा तक्रारीच तक्रारी. बू निंगला इतका गोड मजकूर कधी वाचल्याचं आठवेना. शेवटी त्यानं विचारलं होतं, "कधी बरं वाटेल, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

"तुझं मला माहीत नाही," तिनं लिहिलं. "मला एक वर्ष आणि चार महिने लागले. मधे दोनदा वाटलं, झालं सगळं, आता बरी झाले. झाले नव्हते."

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मग काय, मी इथे चुका काढायला आले होते?"

तो आता बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानात काजं करतो. काही आठवडे वाईट जातात, तेव्हा तो लिहितो आणि बहिणीलाही सांगतो. एकदा त्यानं विचारलं, "बू, तुम्ही अजून डॉक्टरांकडे जाता?"

"जाते की. महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी. येताना आल्याचा गरम काढा, आमचा वेदांग, पिते. तू कधी जातोस?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी संध्याकाळी सांग काय म्हणाले ते," तिनं लिहिलं, आणि पुढच्या माणसाचा मजकूर उघडला.