भाऊजी आणि बिलावरचा खाते नंबर

भाऊजींना कुणी काही सांगायला गेलं की ते आधी डोळे मिटायचे. समोरच्याच्या अडाणीपणाचा त्यांना तेवढा शीण यायचा. उभं आयुष्य बँकेत काढलेला माणूस. निवृत्तीनंतर बायकोच्या धाकट्या भावाने त्यांना आपल्या कारखान्यात बिलं करायला बसवलं. तिथे हॉस्पिटलच्या लोखंडी खाटा बनत. मालक भाऊजी म्हणतो म्हणून सगळेच भाऊजी म्हणत. त्यांच्या लेखी वेल्डर गाढव, ड्रायव्हर चोर आणि कॉम्प्युटर म्हणजे टाईपरायटरचं लाडावलेलं कार्टं.

कारखान्याने बँक बदलली तेव्हा मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, बिलावरचा खाते नंबर बदला हं. जुनं खातं बंद केलंय. एकदा ताडून बघा."

"ताडून?" भाऊजींनी डोळे मिटले. "अरे, तू चड्डीत होतास तेव्हा मी लोकांची खाती उघडत होतो."

त्यांनी बँकेचं नाव बदललं, शाखेचा कोड बदलला आणि चहा मागवला. नंबर राहिला तो राहिलाच. बिलं भराभर ईमेलने सुटली.

पैसे काही येईनात. वेल्डर पगाराचं विचारायला आला, तर "हात पसरायची भारी घाई!" म्हणून त्याला पिटाळलं. शेवटी एका हॉस्पिटलच्या अकाउंटंट बाईंचा फोन आला.

"तुमच्या खात्यात पैसे जातच नाहीत. परत येतायत."

मेव्हण्याला ऐकू जावं म्हणून भाऊजींनी स्पीकर लावला. "बाई, आकडे वाचता येतात ना? बिलावरचा नंबर वाचा. सावकाश."

बाईंनी सावकाश वाचला. मेव्हण्याने नवं चेकबुक समोर ओढलं आणि सुरुवातीच्याच आकड्यांना मान वर केली. भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई वाचतच होत्या.

"सिस्टिमने जुना नंबर उचलला," भाऊजी पुटपुटले.

"सिस्टिमला हात असतात होय?" बाई म्हणाल्या. "नवीन बिल पाठवा. आणि पाठवायच्या आधी कुणाला तरी दाखवा."

पगाराचं विचारायला पुन्हा दारात आलेला वेल्डर फिसकन हसला. मेव्हणा हसला नाही. त्याने सगळी बिलं रद्द करून स्वतः नव्याने काढली आणि ते काम आपल्या बायकोकडे सोपवलं. कारखान्यात सगळ्यांचा चहा तीच बघायची, म्हणून तिला भाऊजी आजवर 'चहा खातं' म्हणत आले होते. भाऊजींना फाटकाजवळ खुर्ची मिळाली, आलेल्या गाड्या मोजायला.

"कारकुनी काम होतं ते," घरी त्यांनी जाहीर केलं. "मीच सोडलं."

बायकोला भावाचा फोन आधीच येऊन गेला होता. "बरं केलंत," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.