आज मीटर मी

माझ्या बाइकवरचं सगळं प्लास्टिक उतरवून मी तिला पार सडपातळ करून घेतली होती. हँडलवर जेवणाच्या डब्यांसारखे दोन जुने, थोराड मीटर तेवढे उरले होते. आडगाव नाक्याजवळच्या गॅरेजवाल्यानं तेही उपटले, मग नव्या मीटरचा खोका उघडला, तर आत दुसऱ्याच गाडीचा मीटर!

"आता स्पीड कसा कळणार?" मी विचारलं.

चष्मा कपाळावर सरकवून तो पिकल्या मिशांचा गॅरेजवाला माझ्या मागं येऊन बसला. "आज मीटर मी. चला, ट्रायल मारू."

निफाडच्या रस्त्याला लागलो. तो माझ्या खांद्यावरून मान पुढं काढायचा, आ करून वारा चाखायचा आणि कानात ओरडायचा, "साठ! ऐंशी! लय भारी पळतीय!" शंभरला मी हँडल आणखी घट्ट धरलं. एकशे वीसला मीही त्याच्याबरोबर ओरडायला लागलो.

तेवढ्यात द्राक्षांचे क्रेट लादलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून आरामात पुढं गेला.

"अहो, हे काय?"

त्यानं ट्रॅक्टरकडे आदरानं पाहिलं. "तो एकशे तीसनं चाललाय."

हसून हसून मला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता हँडलवर पेढ्याएवढा नवा मीटर आहे, आणि तो चाळीसला चाळीसच दाखवतो. पण रस्ता मोकळा मिळाला की मी हेल्मेटची काच वर करतो, आ करतो आणि खरा आकडा ओरडतो, "एकशे वीस!"