त्या चिखल्या नव्हत्या

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोनदा कागद घेऊन बसलो होतो. एकदा पेज नदीच्या पुराविषयी लिहून उठलो, दुसऱ्यांदा आमच्या शाळामास्तरांविषयी. दोन्ही लेख छापून आले, ओळखीच्यांनी फोन करून छान म्हटलं. आपण लिहायला बसलो होतो ते हे नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. हजेरी, रजा, बायकांना आणणाऱ्या टेंपोंच्या वेळा, असं माझं काम. आमच्याकडे मोबाइलच्या पडद्याची काच तयार व्हायची. ती पुढे एका मोठ्या कारखान्यात जायची, तिथे फोन जोडला जायचा, आणि त्यावर नाव असायचं एका परदेशी कंपनीचं. काच पुसायचं शेवटचं काम बायका करायच्या. पूर्वी त्या स्पिरिटने पुसायच्या. ते वाळायला वेळ लागतो म्हणून मॅनेजरसाहेबांनी दुसरं थिनर आणलं. फडक्यावर घेतलं की बघता बघता उडून जायचं. काचेवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद.

त्या बायकांतली एक पोशीरची होती. घरची थोडी भातशेती, नवरा नेरळला हमालीला. एका सकाळी ती टेंपोतून उतरली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. बाकीच्या बायकांना हसू आवरेना. "दुसरी नवऱ्याला घालाया दिलीस काय गं?" एकीने विचारलं. तीही हसली. मग वाकून पायाकडे बघत राहिली. चप्पल कुठे निसटली हे तिला कळलंच नव्हतं.

दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. पुसायच्या कामावरून पॅकिंगला घाला म्हणाली. आषाढ होता. आमच्या भागात त्या दिवसांत कोणी लंगडत आलं तर काय झालं म्हणून विचारतही नाहीत. लावणीच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, त्या चिखल्या. मीही तेच म्हणालो. हळद आणि तेल लाव, बरं वाटेल.

"काका, चिखल्या चुरचुरतात," ती म्हणाली. "मला कायच लागत नाय. काल काटा रुतला तो पोरीनं दाखवला."

मी शेतकऱ्याच्या घरचा. चिखल्या काय असतात ते मला कोणी सांगायला नको होतं. मी मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू. मी परत येऊन हजेरीचं रजिस्टर उघडलं.

त्याच पावसाळ्यात त्या परदेशी कंपनीने दोन माणसं पाठवली. असल्या कारखान्यांबद्दल तिकडे काहीतरी छापून आलं होतं, म्हणून सगळ्यांची बाजू ऐकायची होती. एक गोरे साहेब आणि बंगळूरच्या एक मॅडम. त्यांनी खरोखर सगळ्यांना बोलावलं. बायका पुरवणारा ठेकेदार म्हणाला, या माझ्या बहिणी आहेत. सरपंच म्हणाले, गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळालं, आता तेवढी स्मशानभूमीवर शेड घालून द्या. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर म्हणाले, पावसाळी तक्रारी आहेत, विशेष काही नाही. मॅनेजरसाहेबांनी जपानी पद्धतीच्या स्वच्छतेवर अर्धा तास घेतला.

मग कामगारांची पाळी. कोणाला पाठवायचं ते आम्ही ठरवून ठेवलं होतं. पण मॅडमनी रजिस्टर मागितलं आणि स्वतःच नावांवर बोट ठेवलं. तिसरं नाव तिचं निघालं.

कॅन्टीनमध्ये ती त्यांच्यासमोर बसली. तिचं हिंदी अडखळत होतं. मॅडम मायेने म्हणाल्या, "आप अपनी भाषा में बोलिए." आणि इंग्रजीत सांगायला मला शेजारी बसवलं. आदल्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं होतं, ऑर्डर गेली तर या सगळ्या बायका घरी बसतील, सांभाळून घ्या. पुढे कितीतरी दिवस मी मनाशी तेच घोकत होतो, बायकांच्या कामासाठी केलं. ते खरं नाही. त्या वर्षी मी निवृत्त होणार होतो आणि मला दोन वर्षं वाढवून हवी होती. तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

ती सावकाश बोलली, मला नीट सांगता यावं म्हणून मधे थांबत. "नवं थिनर आलं तवापासून हातपाय बधिर हायत. माझेच नाय, टेबलावरच्या आणखी तिघींचे. काम नको असं आमी म्हणत नाय. एक खिडकी उघडी ठेवा, नायतर पयलं स्पिरिट द्या."

मी इंग्रजीत सांगितलं की सध्या भाताची लावणी चालू आहे, चिखलात उभं राहून या बायकांच्या पायांना त्रास होतो, कामाबद्दल तक्रार नाही.

गोऱ्या साहेबांनी विचारलं, ती हातही दाखवत होती, ते काय? मी म्हणालो, रोपं उपटून हात भरून येतात. त्यांनी मान हलवली. येताना गाडीतून त्यांनी शेतात वाकलेल्या बायका पाहिल्या होत्या. ते लिहीत होते तोवर ती त्यांच्या पेनाकडे बघत होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "सगळं लिवलं ना, काका?"

"लिहिलं," मी म्हणालो.

अहवालात तिच्या वाट्याला एक ओळ आली होती: पायांच्या तक्रारी हंगामी शेतीकामामुळे. मला मुदतवाढ मिळाली. थिनर आणखी दोन पावसाळे चाललं. ती आधी भिंत धरून चालायला लागली, मग टेंपोत चढायला दोघींचा हात लागायला लागला, मग तिचं येणं थांबलं. त्या तिघींपैकी दोघींचंही तिच्या मागोमाग कामावर येणं बंद झालं. शेवटी थिनर बदललं ते काचेवर डाग राहतात म्हणून.

निवृत्त झाल्यावर मी एकदा दहिवलीच्या माझ्या घरून पोशीरला गेलो. रिक्षात बसल्यापासून काय बोलायचं ते जुळवत होतो. ती ओट्यावर बसली होती. मला बघून तिने दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून बाजूला घेतला आणि मला जागा करून दिली.

"बाय," मी म्हणालो. तेवढ्यात ती घरात वळून सासूला सांगू लागली.

"आत्या, हे आमचे काका. यांनीच माजं सगळं त्या गोऱ्या सायबाला इंग्रजीत सांगितलं. त्यानं काय केलं नाय, त्याला हे काय करनार? आपल्यासाठी तेवढं तरी कोन बोलतं?"

म्हातारीने मला हात जोडले. कोरा चहा आला. मी तो प्यायलो, भाताचं कसं काय विचारलं, आणि उठलो. पुन्हा येतो म्हणालो आणि गेलो नाही.

गेल्या श्रावणात ती मागच्या दारची पायरी उतरताना पडली. पायरी संपली ते पायांना समजलं नसावं. डोक्याला मार लागला होता, तिसऱ्या दिवशी गेली. दहाव्याला मी नदीवर जाऊन मागे उभा राहिलो. तिचा नवरा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि तुम्ही आलात, बरं वाटलं, म्हणाला. मी त्यालाही काही सांगितलं नाही.

ओट्यावर मला एवढंच म्हणायचं होतं: बाय, तुझं बोलणं त्या साहेबापर्यंत पोचलंच नाही. तू खरं सांगितलंस, मी दुसरंच सांगितलं. मला माफ कर.