रांगोबाची फरशी

रांगोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. फरशी बसवून पक्की झाली की हा मिस्त्री पायजमा मांडीपर्यंत गुंडाळायचा आणि उघड्या गुडघ्यांवर अख्खी खोली रांगून काढायचा. एखादी कड केसभर जरी वर राहिली, तरी ती त्याच्या गुडघ्याच्या वाटीला बरोबर टोचायची. मग ती फरशी उखडून पुन्हा बसवायची. सोबतचे गवंडी हसून बेजार व्हायचे. नाव त्यांनीच ठेवलं.

दुपारी बायको डबा घेऊन कामावर यायची, कडेवर लेक. पोरीला खाली सोडलं की तीही बापामागून रांगत सुटायची. मध्येच थांबून तिनं तोंड वाकडं केलं की रांगोबा घास टाकून उठायचा आणि तिच्या गुडघ्याखालची कड चाचपायचा. "माझा मुकादम आहे ही पोर," असं गवंड्यांना कौतुकानं सांगायचा. त्या दुपारींसारखं सुख पुढं कधी मिळालं नाही, असं तो आजही म्हणतो.

पुढं गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि गुडघ्याला जरा आराम द्या म्हणून बजावलं. दुखणं पळालं. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं धरून या गृहस्थानं दुप्पट कामं घेतली. पुन्हा दुखलं की पुन्हा सुई. एक डॉक्टर नाही म्हणाले तर दुसरे गाठायचे.

"गुडघा आहे की सायकलची ट्यूब?" बायको म्हणायची. "किती वेळा हवा भराल?"

त्यानं ते हसण्यावारी नेलं. आता ती नाही, आणि तसं टोकणारंही कुणी नाही.

लेकीनं घर बांधायला काढलं, तेव्हा रांगोबा तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला. तिच्या घरात फरशी आपल्याच हातची असेल, हा शब्द त्यानं ती शाळेत असताना दिला होता. त्यासाठी एक सुई हवी होती.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला. "हाडांमधली गादी, म्हणजे कूर्चा, जवळपास संपलीय. या सुईनं दुखणं थांबतं, पण वरचेवर घेतली तर गादीही झिजू शकते. त्यात तुमचं हे रांगणं. कशानं किती गेली, ते मला सांगता येणार नाही. पण आता आणखी देणार नाही."

"एकच द्या. लेकीचं घर आहे."

"बाबा, तुमचा गुडघा घालवून मला फरशी नको," लेक म्हणाली.

शब्द मोडल्याचं रांगोबाला फार लागलं.

फरशी दुसऱ्या मिस्त्रीनं बसवली. लेकीनं बापाला ती बघायला नेलं, दारातच खुर्ची दिली. काम छान दिसत होतं, पण दिसण्यावर रांगोबाचा कधीच भरवसा नव्हता. त्यानं खाली बसायचा प्रयत्न केला, निम्म्यात अडकला आणि परत खुर्चीत टेकला.

लेकीनं पर्स खिडकीत ठेवली. कपडे गुडघ्यांच्या वर खोचले आणि दोन्ही हात टेकून रांगायला लागली. नवा मिस्त्री बघतच राहिला. भिंतीच्या कडेनं ती सावकाश पुढं सरकत गेली. खिडकीखाली येऊन थांबली आणि तिनं तोंड वाकडं केलं.

"बाबा, इथं टोचतंय."

रांगोबाला काही क्षण समोरचं दिसेना. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"ती उखडा, मिस्त्री," तो म्हणाला. "आमच्या मुकादमाला टोचतेय."