कंपनीची जाळी, बाजारची जाळी

ट्रकच्या रेडिएटरची जाळी निकामी झाली, तर तिच्या जागी कंपनीची अस्सल जाळी बसवावी की बाजारात बनवलेली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम एकदा माझ्याकडे आले होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. मोटारीतले मला काही कळत नव्हते. तरीही ते काम माझ्याकडे आले, कारण त्या उत्तरावर एका माणसाची नोकरी अवलंबून होती आणि भांडणाऱ्या दोघांनाही माझा निवाडा चालणार होता.

साठ साल जवळ आले होते, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एक जुना विलायती ट्रक होता. मुळशीकडचा तांदूळ आणि कोळसा तो पुण्याला नेई. पौडापासून पिरंगुटपर्यंत रस्ता सोपा. पुढे मात्र खिंडीची चढण लागे. तिथे भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढे आणि इंजिन तापे. इंजिनातले गरम पाणी रेडिएटरच्या जाळीतील बारीक पितळी नळ्यांतून वरून खाली उतरते, पंख्याचा वारा त्या नळ्यांना लागतो आणि पाणी निवते. नळ्या नीट असतील तर गाडी वर जाते. नसतील तर झाकणाखालून वाफ येते आणि गाडी चढणीवर उभी राहते. एवढे ध्यानात घेतले की पुढचे समजायला अडचण पडणार नाही.

ट्रकचा ड्रायव्हर आमच्याच गावचा. आधी दादा स्वतः गाडी चालवत असे. त्यानेच याला शेजारी बसवून शिकवले होते. एका दिवाळीनंतर गाडी खिंडीत वारंवार उकळू लागली. पुण्यात माल उतरवल्यावर ड्रायव्हरने रेडिएटर दाखवला, तेव्हा जाळी गेली असे ठरले. कंपनीची जाळी मुंबईहून यायला तीन आठवडे लागणार होते. ड्रायव्हरने दादाला न विचारता पेठेतल्या एका कारागिराने बनवलेली जाळी बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडी घरी आणली. जुनी जाळी टाकून न देता तीही बरोबर आणली. दादा रागावला, पण गाडी चालत होती म्हणून गप्प राहिला. वर्ष गेले, पुढची दिवाळी झाली आणि बाजारची जाळीही खिंडीत वाफ सोडू लागली.

त्या दिवशी आमच्या अंगणात दोघांचे जे बोलणे झाले, ते मी ओट्यावर वह्या तपासत ऐकत होतो.

“बाजारचा माल,” दादा म्हणाला. “मी तवाच बोललो व्हतो. कंपनीची जाळी चार वर्सं चालली. ही दोन दिवाळ्या न्हाई टिकली.”

“मालक, कंपनीची बी शेवटी अशीच गेली का न्हाई? तिला काय मी पेठेतनं आणली व्हती?”

“तिचं वय झालं व्हतं.”

“मग वय गाडीचं बी झालंय. माजं बी झालंय. तुमचं तर इचारूच नका.”

दादाला हसू आले असते तर तंटा तिथेच मिटला असता. तो म्हणाला, “पुढच्या सोमवारपासनं दुसरा मानूस बगतो.”

ड्रायव्हरच्या घरी खाणारी सहा माणसे होती आणि शेत एवढेसे, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. मग तो माझ्याकडे वळला. “गुरुजी, तुमी पोरांना गणितं सोडवून दावता, तसं हे बी सोडवा. माज्या जाळीचा दोष निघाला, तर मी आपल्या हातानं किल्ली ठिवतो.”

“सोडव बाबा,” दादा मला म्हणाला. “सोमवारपातुर वेळ हाय.”

दोन वस्तूंची तुलना करायची तर दोन्ही समान स्थितीत पाहिल्या पाहिजेत, एवढा एकच नियम मला माहीत होता. गोठ्यात पेंढ्यामागे पडलेली कंपनीची जाळी मी बाहेर काढली, बाजारची गाडीतून उतरवून घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. कंपनीच्या जाळीत नळ्यांच्या चार ओळी होत्या, बाजारच्या जाळीत तीन. कंपनीच्या नळ्यांचे पितळ जाड होते आणि सांध्यांना कथलाचे डागही सफाईने दिलेले होते. हे सारे मी वहीत टिपले. इथवर दादाचा पक्ष वरचढ होता. ड्रायव्हर उकिडवा बसून पाहत होता.

“एक ओळ कमी हाय व्हय?” त्याने विचारले.

“हो, एक कमी आहे.”

“मला त्यानं सांगितलं न्हाई,” तो म्हणाला.

त्यानंतर मी दोन्ही जाळ्या दगडांवर उभ्या करून त्यांत घासलेटच्या डब्याने सारखेच पाणी ओतले आणि ते खालून बाहेर पडायला किती अवधी लागतो ते आकडे म्हणत मोजले. बाजारच्या जाळीतून पाणी फार हळू उतरले. कंपनीच्या जाळीतून त्याहूनही हळू उतरले. मी ओतणे तीन वेळा करून पाहिले. तिन्ही वेळा तेच झाले. जी जाळी चांगली म्हणून सांगितली जात होती, तीच अधिक चोंदलेली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की प्रश्न जाळी कोणी बनवली एवढाच नसून तिच्यात काय साचले हाही आहे.

रविवारी मी आणि ड्रायव्हर दोन्ही जाळ्या घेऊन बसने पुण्याला गेलो. पेठेतल्या त्याच कारागिराने दोन्हींच्या वरच्या टाक्यांचे डाग सोडवले आणि आतून गाळ खरवडून काढला. दोन्हींतला गाळ रंगाने, बारीकपणाने, अगदी वासानेही एकच होता आणि तापून खापरासारखा कडक झाला होता. कारागीर तो चिमटीत चुरडत म्हणाला, “यात तुम्ही पाणी भरता की भात लावता?”

ड्रायव्हर हसला नाही. परतीच्या वाटेवर, भूगाव मागे पडल्यावर, तो आपण होऊन बोलला. “गुरुजी, खाचरातलं हाय ते.”

पावसाळ्याचे चार महिने रस्त्याच्या कडेला भाताची खाचरे भरलेली असतात. तो गाडी थांबवून त्यांतूनच बादली भरत असे. खाचरे आटली की ओढ्याच्या डबक्यातून. मी विचारले, रस्त्यावर तीन विहिरी आहेत, मग खाचरातले पाणी कशासाठी?

“गाडीची बादली तेलकट. प्यायच्या हिरीत कशी सोडू? बाया शिव्या देतील, आन् त्या बरोबरच आसतील.”

आता माझी अडचण वाढली. माल बराचसा निर्दोष ठरत होता, पण दोष त्या माणसाच्या हातून घडला होता आणि तोही सभ्यपणापायी. हे दादाला सांगितले तर नोकरी जाणार, न सांगितले तर निवाडा खोटा पडणार. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, “सांगा तुमी. लपवू नका.”

सोमवारी सकाळी मी दादाला सगळे क्रमाने सांगितले. त्याने गाळाचा तुकडा हातात घेतला आणि ड्रायव्हरला विचारले, “हिरीवर का न्हाई भरलंस?”

“तुमीच शिकवलं, मालक. पयल्याच दिशी म्हनला व्हता, बादली हिरीला दावायची बी न्हाई.”

दादाने गाळाचा तुकडा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, “व्हय. म्हनलो व्हतो. मी बी खाचरातलंच भरायचो.” म्हणजे कंपनीच्या जाळीतला पहिला गाळ दादाचा स्वतःचा होता. तिच्यात नळ्यांची एक ओळ जास्त होती, म्हणून जास्त गाळ साचेपर्यंत ती चालली, इतकेच.

“आता घरनं डबा भरून न्यायचा,” दादा म्हणाला. “धोतराच्या चार पदरी फडक्यातनं गाळून.”

“आन् आज दुसरा मानूस येनार हाय त्याचं?”

“त्याला चहा पाज आन् लावून दे. गाळायचं काम त्याला शिकवत बसायला मला येळ न्हाई.”

नोकरीचा प्रश्न सुटला. मूळ प्रश्न राहिलाच होता. दोन्ही जाळ्या साफ करून घेतल्या होत्या. त्या हिवाळ्यात तितकाच माल, तीच वेळ, तोच ड्रायव्हर आणि घरचे गाळलेले पाणी ठेवून प्रत्येक जाळीवर चार चार खेपा झाल्या. आठही खेपांत गाडी न थांबता खिंड चढली. चैत्रात भर दुपारी पुन्हा करून पाहिले. कंपनीच्या जाळीवर गाडी सरळ वर गेली. बाजारच्या जाळीवर शेवटच्या वळणावर वाफ दिसली आणि घटकाभर थांबावे लागले. दादाने कंपनीची जाळी कायम ठेवली आणि बाजारची गोणपाटात बांधून अडचणीसाठी राखून ठेवली.

म्हणून माझे उत्तर असे. सपाट रस्त्यावर आणि थंडीत दोन्हींतला फरक जाणवत नाही. भरल्या गाडीने उन्हात चढण चढायची असेल, तर कंपनीची जाळी खरोखर सरस. पण तिच्यासाठी गाडी तीन आठवडे उभी ठेवणे परवडत नसेल, तर माल थोडा कमी घालून बाजारची जाळी वापरायला हरकत नाही. मात्र यांपैकी कोणतीही बसवण्यापूर्वी जुनी कशाने गेली ते उघडून पाहावे.

ही एकाच गाडीची, एकाच खिंडीची परीक्षा आहे. आपली गाडी आणि आपला घाट वेगळा असेल. तरी वाचकांना विनंती, की माझ्या शब्दावर विसंबू नये; नळ्यांच्या ओळी स्वतः मोजाव्यात, पाणी ओतून पाहावे आणि मगच ठरवावे.