गॅलरीचे नट

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण सभ्य माणसांनी मला इतकं छळल्याचं दुसरं प्रकरण आठवत नाही.

पाकिस्तानशी लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या तिन्ही पाळ्यांत चालत आणि रात्री ब्लॅकआउट असे. त्यामुळे शहरातल्या जुन्या स्टेडियममधले हॉकीचे सामने आणि गाण्याचे कार्यक्रम दुपारीच उरकत. तो भाग माझ्या ठाण्याखाली येई; मी तिथला टी.आय., म्हणजे ठाण्याचा इन्स्पेक्टर. इंग्रजांच्या काळातलं बांधकाम. लोखंडी सांगाडा आणि त्यावर नट-बोल्टने आवळलेल्या लाकडी फळ्यांच्या दोन गॅलऱ्या. एका रविवारी सामन्यात गोल झाला, लोक फळ्यांवर नाचू लागले आणि पूर्वेकडची गॅलरी खाली बसली. कोणी मेलं नाही हे नशीब. एका रेल्वे गार्डाचा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

पंचनामा करताना दिसलं की बोल्ट जागेवर आहेत आणि नट गायब आहेत. स्टेडियम समितीचे सेक्रेटरी, शहरातले मोठे वकील, लगेच ठाण्यात येऊन बसले.

"टी.आय. साहब, ये दुश्मन का काम है. घातपात लिखिए."

फळ्यांची शेवटची तपासणी कधी केली, हे मी विचारलं. ते म्हणाले, "आप मुझसे सवाल पूछेंगे?" अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्याच दिवशी खबर आली की रांझीच्या कामगार वस्तीत राहणारा, फॅक्टरीतला एक मराठी फिटर सामन्याआधी गॅलरीखाली पाना घेऊन वाकलेला दिसला होता. त्याच्या क्वार्टरची झडती घेतली. देवाच्या कोनाड्यात एक नट सापडला. गॅलरीच्या बोल्टवर तो बरोबर बसला.

मी त्याला समोर बसवलं. "नट काहून काढला?"

तो मेजावरचा नट बोटानं फिरवू लागला.

"बोल ना बाबा. कोणी तुला मारून नाही राहिलं."

"साहेब, काढला म्हटलं तर नोकरी जाते. नाही म्हटलं तर तुम्ही मानत नाही. काय बोलू?"

"तुझ्या पाठीमागे कोण आहे?"

तो पहिल्यांदा हसला. "पाठीमागे? अख्खी गॅलरी होती, साहेब."

मला तो उर्मटपणा वाटला. त्याला कोठडीत टाकलं. ठाण्याच्या फाटकाशी त्याची बायको डबा घेऊन उभी होती. "फॅक्टरीनं काढलं तर क्वार्टर जाईल, साहेब. अन् देशद्रोह्याची बायको म्हणून मला खोली कोण देईल?" मी डबा आत पाठवला. सेक्रेटरींचा फोन मात्र रोज येई, "कबूल करवाया कि नहीं?"

आणि याच समितीनं पुढच्या रविवारी, उरलेल्या गॅलरीत माणसं बसवून, जवानांच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवला! मी लेखी हरकत घेतली. वरून हुकूम आला की बंदोबस्त ठेवा. ठेवला.

मी गॅलरीखाली उभा होतो. तबल्याची लय वाढली आणि डोक्यावर आवाज सुरू झाला, टण, टण, टण. लोखंडावर लोखंड, अगदी तालात. मी धावत वर गेलो. कारकून, फॅक्टरीवाले, कॉलेजची मुलं, सगळे मुठीत नट धरून कठड्यावर ठोकत होते. शेजारी शाळेचे एक मास्तर डोळे मिटून ठोकत होते. मी त्यांचा हात धरला.

"हे काय चाललंय?"

"दाद देऊन राहिलो, साहेब. इथली रीतच आहे. इथून टाळी खाली ऐकू जाते का?"

"आणि नट कुठून आणता?"

"इथलेच की. एका बोल्टला दोन-दोन असतात. एक काढल्यानं काय होते?"

मी कार्यक्रम थांबवला. लोक शिव्या देत उतरले. फाटकावर पोतं धरून मी एकेकाला आपला नट त्यात टाकायला लावला. फॅक्टरीत एक नट सैल राहिला तर सुपरवायझरशी भांडणारी माणसं ती, पण इथं एकालाही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. शेवटी माझ्या हवालदारानं खिशात हात घातला.

"तुम्हीसुद्धा?"

"मागच्या फायनलच्या सामन्यातला आहे, साहेब."

एवढ्यात पुढच्या सोफ्यावरून सेक्रेटरी तणतणत आले. गॅलरीला कुलूप लावायला मी किल्ल्या मागितल्या. त्यांच्या जुडग्यात घासून चकचकीत केलेला नट लटकत होता.

"ये तो यादगार है," ते म्हणाले.

"पोत्यात टाका," मी म्हणालो.

ठाण्यात परतून फिटरला बाहेर काढलं. "सगळे वरचा नट काढतात. तुला पाना काहून लागला?"

त्यानं मान खाली घातली. "वरचे राहिलेच नव्हते, साहेब. खालचा जाम होता."

म्हणजे तोही निर्दोष नव्हता. पण त्याच्यासारख्या शेकडो माणसांतून त्याला एकट्याला फासावर चढवायचं, कारण तो रांझीच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि त्याच्यासाठी कोणी फोन करत नाही? घातपात नाही, समितीनं तपासणी केली नाही, असा अहवाल मी दिला. माझे वरचे साहेब चिडले, "पूरे शहर पर मुक़दमा चलाओगे?" चालवता आला असता तर चालवला असता. फिटरची नोकरी वाचली. समितीला कोणी हात लावला नाही.

तेव्हापासून 'अज्ञात इसम' हे शब्द लिहिताना माझा हात अडखळू लागला. आपण सगळे मिळून जे पाडतो, त्यासाठी आपल्याला नेहमी एकच माणूस हवा असतो, तोही शक्यतो गरीब.

तपास संपल्यावर मी इस्पितळात त्या रेल्वे गार्डाला भेटायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. म्हटलं, निदान याला तरी खरं कळावं. सगळी हकीकत सांगितली. त्यानं उशीखाली हात घालून एक नट काढला आणि माझ्या हातावर ठेवला.