खोलगट तोंडाचा रुपया

शेजारचा नाना कपाशीच्या वावरात अनवाणी पळत आला, तेव्हाच मी भ्यालो. "आबा, घर चाला," एवढंच बोलला. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं... निदान बांध ओलांडेपर्यंत माझी बायको जिवंत राहावी, म्हणून गप चालत राहिलो. घरी वेणू चुलीपुढं आडवी होती. परातीत पीठ मळलेलं तसंच. तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

मी पहिल्यापासून भित्रा. ती नव्हती. लग्नात तिच्या आईनं तिला चांदीचा राजा छाप रुपया दिला होता. एका बाजूला राजाचं तोंड, आणि मागं, जिथं अक्षरं असायला हवीत तिथं, तेच तोंड उलटं, आत दबलेलं. बोट फिरवलं की खळगा लागायचा. मी फार शिकलो नाही, पण असलं नाणं खोटंच असणार असं मी धरून चाललो. पोलीस आले तर? मी म्हणायचो, पांझरा नदीत टाकून ये. ती म्हणायची, "कसाले भ्यातस? नानं शे, साप नही." आणि दर लक्ष्मीपूजनाला चिंच नि राख लावून ते लखलखीत घासायची.

शेवटी तिनंच मला सोनगीरहून एसटीत घातलं आणि जळगावच्या सराफ बाजारात नेलं. जुनी नाणी घेणाऱ्या एका म्हाताऱ्यानं भिंग लावलं. मी दाराशीच उभा, पळता यावं म्हणून. तो म्हणाला, "आबा, खोटं नाही हे. टांकसाळीतली चूक आहे. आधीचं नाणं यंत्रात अडकून राहिलं आणि त्याच्याच तोंडावर हे दाबलं गेलं. अशी नाणी तिथंच वेचून वितळवतात. हे निसटलं, म्हणून साध्या रुपयापेक्षा याला भाव जास्त." मग वेणूकडं बघितलं. "पण अक्का, एवढं घासलं कोणी? घासलेल्याचा भाव पडतो."

"मंग लक्ष्मीपुढे काळं नानं ठेवू का? तुमना भाव तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि उठलीच.

आधी खोटं म्हणून भ्यायचो, आता खरं म्हणून. एसटीत जो माझ्याकडं बघेल तो मला चोर दिसे. तिनं रुपया पदराच्या गाठीत बांधलेला, आणि पारोळ्याला भजी खाऊन त्याच गाठीला हात पुसले. पुढं रुपया देव्हाऱ्यात असायचा; वाऱ्यानं कडी वाजली तरी मी तिकडं बघायचो. "तुम्हीच चोरले वाट दाखाडशात," चोराला मीच वाट दाखवीन म्हणून ती हसायची.

आता मुलगा-सून शेतात गेले की मला रिकाम्या घराचीच भीती वाटते... परवा रुपया हातात घेतला. वरचं तोंड घासून घासून गुळगुळीत झालंय, नाक राहिलं नाही. आतलं तोंड मात्र शाबूत. त्याच्या कानाच्या खळग्यात चिंचेत कालवलेली राख सुकून बसलीय. गेल्या दिवाळीची. वेणूच्या बोटानं बसलेली.

यंदा घरात दिवाळी नाही, म्हणून वाचलो. पुढच्या वर्षी सून चिंच भिजत घालेल. पोरगी चांगली आहे, तिला काळं भांडं बघवत नाही. रुपया मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो. सुनेच्या बांगड्या वाजल्या की हात आपोआप तिथं जातो. चोराची भीती मला आता वाटत नाही... चिंचेची वाटते.